न दिसणाऱ्या विमानाचा आवाज : सॉनिक बूमच्या आठवणी

२० मे २०२० रोजी दुपारी दीडच्या सुमारास बेंगळुरू शहराच्या अनेक भागांत एकाच वेळी प्रचंड आवाज झाला. टाळेबंदीचे दिवस होते. बहुतेक माणसे घरातच होती आणि रस्त्यांवर नेहमीचा कोलाहल नव्हता. खिडक्यांची तावदाने काही क्षण थरथरली, माणसे गच्चीवर धावली. कोणाला भूकंप वाटला, कोणाला एखाद्या कारखान्यातील स्फोट. कर्नाटकच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने भूकंपमापकांवर कोणतीही नोंद नसल्याचे सांगितले, तेव्हा गूढ आणखी वाढले. पुढे संरक्षण खात्याच्या प्रवक्त्याने खुलासा केला. हवाई दलाच्या विमान चाचणी आस्थापनेचे एक विमान शहराबाहेरील नेमून दिलेल्या हवाई क्षेत्रात नेहमीच्या चाचणीसाठी गेले होते. ३६ ते ४० हजार फूट उंचीवर त्याने ध्वनीपेक्षा अधिक असलेला वेग कमी केला, त्या सुमारास हा आवाज निर्माण झाला असावा आणि असा आवाज ६५ ते ८० किलोमीटर दूर असलेल्या माणसालाही ऐकू येऊ शकतो, असे त्यात म्हटले होते.

या घटनेत सॉनिक बूमच्या बहुतेक सगळ्या आठवणींचा नमुना आहे. आवाज सर्वांनी ऐकला, विमान जवळजवळ कोणीच पाहिले नाही, आणि कारण कळले ते घाबरून झाल्यानंतर. जगभर जिथे जिथे लष्करी विमाने जमिनीवरून ध्वनीपेक्षा वेगाने उडाली, तिथल्या लोकांना आठवतात ती विमाने नव्हेत. हादरलेली घरे, दचकून उठलेली मुले आणि आकाशात काहीच न दिसल्याचे आश्चर्य एवढेच त्यांच्या लक्षात राहते.

विमान का दिसत नाही, हे समजण्यासाठी मांडवीच्या काठावर उभे राहिले तरी पुरे. वेगाने जाणाऱ्या होडीमागे पाण्यावर कोनाच्या आकाराची लाट पसरत जाते. होडी पुढे निघून जाते आणि मग ती लाट काठावर येऊन आदळते. हवेत विमानाचेही असेच होते. समुद्रसपाटीला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. अकरा-बारा किलोमीटर उंचीवरील थंड हवेत तो सुमारे २९५ मीटरपर्यंत उतरतो. विमान याहून वेगाने निघाले की त्याने हवेत निर्माण केलेल्या दाबलहरींना त्याच्या पुढे पळता येत नाही. त्या एकत्र गोळा होऊन शंकूच्या आकाराची आघातलहर बनते आणि विमानामागोमाग जमिनीवरून सरकत जाते. बारा किलोमीटर उंचीवरून ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान आपल्या माथ्यावरून गेल्यावर सुमारे ३५ सेकंदांनी त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो. तोवर ते वीस किलोमीटर पुढे गेलेले असते. आवाज ऐकून वर पाहणारा माणूस नेमक्या रिकाम्या आकाशाकडे पाहत असतो.

या बाबतीत एक गैरसमज इतका रूढ आहे की वृत्तांमध्येही तो वारंवार आढळतो. विमान ‘ध्वनीची भिंत’ ओलांडते त्या एकाच क्षणी धमाका होतो, असे मानले जाते. वस्तुतः विमान त्या वेगाने उडत राहील तितका वेळ ही लहर त्याच्यामागे चालूच असते. वाटेतल्या प्रत्येक गावाला ती एकदाच ऐकू येते, म्हणून प्रत्येक गावाला वाटते की घटना आपल्याच डोक्यावर घडली. उड्डाण जितके उंच तितका या आवाजाचा पट्टा रुंद असतो. दर हजार फुटांमागे साधारण दीड किलोमीटर असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे ४० हजार फुटांवरून जाणाऱ्या विमानाचा आवाज साठ-पासष्ट किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात पोहोचतो. अनेकांना एक नव्हे, लागोपाठ दोन धमाके आठवतात. तीही स्मृतीची चूक नव्हे: एक लहर विमानाच्या नाकाकडून येते, दुसरी शेपटीकडून. विमान लहान असेल तर दोन्ही एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात.

नुकसानीच्या कथांमध्ये अतिशयोक्ती पुष्कळ असते, पण त्या निराधार नसतात. उंचावरून जाणाऱ्या लढाऊ विमानाची आघातलहर हवेचा दाब साधारण ५० ते १०० पास्कलने वाढवते. वातावरणाच्या एकूण दाबाच्या मानाने ही वाढ हजारातील एका भागाएवढी किंवा त्याहूनही कमी आहे. पण एक चौरस मीटरच्या काचेवर एकाएकी पाच ते दहा किलो वजन ठेवावे, तसा तिचा परिणाम होतो, आणि ही वाढ काही सहस्रांश सेकंदांत होते. धडधाकट काच ते सोसते. आधीच तडा गेलेली, चौकटीत सैल बसलेली किंवा ताणाखाली असलेली काच फुटते. भिंतीचा जुना गिलावाही असाच पडतो. म्हणूनच ‘आमचे घर आधीपासूनच कमकुवत होते का?’ हा वाद प्रत्येक दाव्यात उपस्थित होतो. विमान वळण घेत असेल किंवा वेग वाढवत असेल तर लहरी एका ठिकाणी केंद्रित होतात आणि तिथला आवाज नेहमीच्या कित्येक पट होतो. विमान अगदी खालून गेले तर मात्र काचेच्या जुनेपणाचा प्रश्नच उरत नाही.

आरंभीच्या वर्षांत या आवाजाचे कौतुक होते. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक यीगर यांनी बेल एक्स-१ विमानातून मोहावीच्या वाळवंटावर प्रथमच ध्वनीचा वेग ओलांडला. त्यानंतर काही वर्षे ब्रिटनमधील फार्नबरोच्या विमान प्रदर्शनात प्रेक्षक हा धमाका ऐकण्यासाठी गर्दी करत. ६ सप्टेंबर १९५२ रोजी तिथे डी हॅविलंडचे डीएच-११० विमान धमाक्याचे प्रात्यक्षिक दाखवून प्रेक्षकांकडे परतताना हवेतच मोडले. वैमानिक जॉन डेरी, त्यांचे सहकारी टोनी रिचर्ड्स आणि २९ प्रेक्षक ठार झाले. अपघात सांगाड्यातील दोषामुळे झाला होता, आवाजामुळे नव्हे. पण गर्दीच्या माथ्यावर असले खेळ करण्याचे दिवस तिथे संपले. इतरत्र ते इतक्या लवकर संपले नाहीत. ५ ऑगस्ट १९५९ रोजी कॅनडातील ओटावा विमानतळाच्या नव्या, उद्घाटनाच्या तयारीत असलेल्या इमारतीजवळून अमेरिकेचे एफ-१०४ विमान अगदी खालून ध्वनीच्या वेगाने गेले. काचा फुटल्या, छत आणि भिंतींचे नुकसान झाले, खर्च सुमारे तीन लाख डॉलरवर गेला आणि उद्घाटन पुढच्या वर्षावर ढकलावे लागले. ३१ मे १९६८ रोजी कोलोरॅडोतील अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीवरून एफ-१०५ विमान असेच खालून गेले, तेव्हा सुमारे दोनशे खिडक्या फुटून डझनभर माणसे जखमी झाली.

हे सारे क्षणाचे प्रसंग होते. एखाद्या शहराला महिनोन् महिने, ठरवून, रोज हा आवाज ऐकवला गेल्याचे उदाहरण निराळे आहे आणि ते अधिक बोलके आहे.

ओक्लाहोमा सिटीचे सहा महिने

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेला ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान बांधायचे होते. ब्रिटन आणि फ्रान्स कॉन्कॉर्डच्या मागे लागले होते, सोव्हिएत संघही त्या शर्यतीत होता. असे विमान न्यू यॉर्कहून लॉस एंजलिसला नेले तर वाटेतल्या लाखो लोकांना दिवसातून अनेकदा धमाके ऐकावे लागणार होते. लोक ते सहन करतील का, याचे उत्तर मिळवण्यासाठी अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक संस्थेने ओक्लाहोमा सिटीची निवड केली. ही निवड भाबडी नव्हती. शहराजवळ टिंकर हा मोठा हवाई तळ होता, त्याच संस्थेचे प्रशिक्षण केंद्रही तिथेच होते आणि हजारो कुटुंबांची चूल विमान उद्योगावर पेटत होती. विरोध झालाच तर तो इथे सर्वांत कमी होईल, असा हिशेब होता. शहरातील व्यापारी मंडळाने प्रयोगाचे स्वागत केले. रहिवाशांची संमती कोणी विचारली नाही.

३ फेब्रुवारी १९६४ रोजी प्रयोग सुरू झाला. सकाळी सात वाजता पहिला धमाका, मग दिवसभरात ठरलेल्या अंतराने आणखी सात. एफ-१०४ सारखी लढाऊ आणि बी-५८ सारखी बॉम्बफेकी विमाने यासाठी वापरली गेली. आरंभी तीव्रता सौम्य ठेवून पुढे ती वाढवण्यात आली. काही घरांमध्ये दाब आणि कंपने मोजणारी उपकरणे बसवली होती. ३० जुलैपर्यंत शहराने १,२५३ धमाके ऐकले.

पहिल्या दिवसांतील नवलाई लवकर ओसरली. सातच्या धमाक्याने जाग येते, आता घड्याळाचा गजर लावायला नको, असा विनोद शहरात होत असे, आणि सवय कशी लागते याची खूण म्हणून तो विनोद लक्षात घेण्याजोगा आहे. पण पहिल्या चौदा आठवड्यांत शहरातील दोन सर्वांत उंच इमारतींच्या १४७ खिडक्या फुटल्या. नागरिकांचे गट संघटित झाले, प्रकरण न्यायालयात गेले. चाचण्यांना मनाई करण्याची मागणी संघीय न्यायालयाने फेटाळली. मानसिक किंवा शारीरिक इजा सिद्ध झालेली नाही आणि चाचण्या राष्ट्राच्या निकडीच्या आहेत, अशी त्यामागची भूमिका होती. मे महिन्यात दुसऱ्या एका न्यायालयीन आदेशाने विमाने थोडा काळ थांबली, मग आदेश अधिकाराबाहेरचा ठरून पुन्हा उडू लागली.

या काळात शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जनमत संशोधन केंद्राने सुमारे तीन हजार रहिवाशांच्या तीन फेऱ्यांत मुलाखती घेतल्या. दिवसाला आठ धमाक्यांसह आपण कायम राहू शकू, असे पहिल्या फेरीत सुमारे ९० टक्के लोकांनी सांगितले होते. दुसऱ्या फेरीत हे प्रमाण ८१ टक्क्यांवर आणि शेवटी ७३ टक्क्यांवर आले. प्रयोगाच्या समर्थकांनी ७३ हा आकडा पुढे केला. पण सवय झाल्यावर विरोध मावळेल, हे जे गृहीत धरले होते त्याच्या अगदी उलट घडले होते, हे तीन आकडे शेजारी ठेवले की कोणालाही दिसावे. सर्वाधिक अनुकूल म्हणून निवडलेल्या शहरातील एक चतुर्थांश माणसे सहा महिन्यांनी ‘आता पुरे’ म्हणत होती.

नुकसानभरपाईची कथा तर याहून कटू आहे. इमारतींच्या नुकसानीच्या ९,५९४ तक्रारी आल्या, ४,६२९ रीतसर दावे दाखल झाले आणि त्यांपैकी २२९ मान्य झाले. एकूण १२,८४५ डॉलर दिले गेले, म्हणजे दाव्यामागे सरासरी छप्पन्न डॉलर, आणि तेही मुख्यतः फुटलेल्या काचा व पडलेल्या गिलाव्यासाठी. वीस दावेदारांपैकी एकोणीस रिकाम्या हाताने परतले. भिंतीवरचा तडा धमाक्याचाच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी घरमालकावर होती, आणि धमाका तर हवेत विरून गेलेला. शहराच्या आठवणीत उरलेली चीड आवाजापेक्षा या व्यवहाराबद्दलची अधिक आहे, असे या प्रकरणाच्या नोंदी वाचताना वाटते.

परिणाम दूरगामी झाला. १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम शर्क्लिफ या भौतिकशास्त्रज्ञाने सॉनिक बूमविरोधी नागरिक संघटना उभारली. तिच्या प्रचारात ओक्लाहोमाचे आकडे शस्त्रासारखे वापरले गेले. मार्च १९७१ मध्ये अमेरिकी संसदेने वेगवान प्रवासी विमानाचा निधी बंद केला. १९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून नागरी विमानांच्या अशा उड्डाणांवर बंदी घातली. भारतानेही आपल्या आकाशात कॉन्कॉर्डला ध्वनीपेक्षा वेगाने उडू दिले नाही. लंडन–बहरीन–सिंगापूर ही कॉन्कॉर्डची सेवा १९८० मध्ये बंद पडली, त्यामागे हेही एक कारण होते. लष्करी विमाने मात्र या बंदीबाहेर राहिली. त्यांच्यासाठी ठरावीक क्षेत्रे आणि किमान उंची यांचे नियम आहेत, पण सराव करायचा तर कधी ना कधी कोणाच्या तरी घरावरून जावेच लागते.

आपल्याकडचे आकाश

मराठी मुलखात हा आवाज सर्वाधिक परिचयाचा असेल तो नाशिककरांना. मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी १९६४ मध्ये ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे तिथे सुखोई-३० विमाने तयार होऊ लागली. बांधलेले किंवा दुरुस्त केलेले प्रत्येक विमान हवाई दलाकडे सोपवण्यापूर्वी त्याच्या पूर्ण वेगाची परीक्षा घ्यावी लागते. त्यामुळे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांपासून नाशिक शहरापर्यंत अधूनमधून ‘गूढ आवाजा’ची बातमी होते. दारे-खिडक्या खडखडतात, पत्रे वाजतात, लोक घराबाहेर येतात, ‘मेरी’ या जलसंपदा खात्याच्या संशोधन संस्थेतील भूकंपमापकाकडे विचारणा होते, आणि मग विमानाचा उल्लेख येतो. पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांत खरेखुरे सौम्य धक्केही बसत असल्याने भूकंपाची शंका तिथे वेडगळ म्हणता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप थेट गोव्यापर्यंत जाणवला होता आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट अजून कोणी विसरलेले नाही. त्या पिढीला जमिनीखालून आलेला आणि आकाशातून आलेला हादरा प्रथम एकच वाटतो.

दोहोंतील फरक मात्र ओळखता येतो. सॉनिक बूम हवेतून येतो, म्हणून काच, दार, पत्रा अशा हलक्या व सैल वस्तू वाजतात आणि क्षणार्धात सारे शांत होते. भूकंपात जमीनच हलते. टांगलेला दिवा झुलत राहतो, भांड्यातील पाणी हिंदकळते, आणि हे काही सेकंद चालते. अर्थात प्रत्येक अनाकलनीय धमाक्यामागे विमान शोधण्याचेही कारण नाही. एकोणिसाव्या शतकात, विमाने नव्हती तेव्हा, पूर्व बंगालच्या खाडीमुखांजवळ तोफेसारखे आवाज ऐकू येत आणि ‘बारिसालच्या तोफा’ या नावाने त्यांची नोंद झाली आहे. त्यांचा उलगडा आजही समाधानकारकपणे झालेला नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीला १९८५ पासून मिराज-२००० विमानांचा शेजार आहे. गोव्याचे उदाहरण थोडे वेगळे आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून १९८३ पासून २०१६ पर्यंत नौदलाची सी हॅरियर विमाने उडत होती. वास्को, चिखली, बोगमाळो या भागांत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत तो कर्कश आवाज पक्का बसलेला आहे. परंतु सी हॅरियर सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगाखालीच राहणारे विमान होते. ती गर्जना इंजिनाची होती, सॉनिक बूम नव्हे. इंजिनाचा आवाज चढत येतो, माथ्यावर कळसाला पोहोचतो आणि उतरत जातो. सॉनिक बूमला चढउतार नसतो, तो तोफेसारखा एकदम येतो. २०१३ मध्ये याच तळावर मिग-२९के विमानांचे पथक दाखल झाले. ही विमाने ध्वनीच्या जवळपास दुप्पट वेग गाठू शकतात. गोव्याची सोय अशी की पश्चिमेला अरबी समुद्र मोकळा आहे आणि वेगाच्या कसोट्यांसाठी किनाऱ्यापासून दूर जाता येते. ओझर किंवा ग्वाल्हेरसारख्या भूवेष्टित तळांना ही सवलत नाही.

काही ठिकाणी हा आवाज सरावाचा उपपरिणाम राहिला नाही, हेतूच बनला. सप्टेंबर २००५ मध्ये गाझातील वसाहती रिकाम्या केल्यानंतर इस्रायली विमानांनी तिथे रात्री-अपरात्री कमी उंचीवरून धमाके करण्याचे सत्र चालवले. गाझातून होणाऱ्या रॉकेट हल्ल्यांना दिलेले उत्तर अशी त्याची बाजू मांडली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांच्या मानवाधिकार संघटनांनी मुलांच्या झोपेवर व मनावर होणाऱ्या परिणामांकडे लक्ष वेधले आणि प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बैरूतमध्ये २०२४ साली असेच धमाके झाले, तेव्हा ४ ऑगस्ट २०२० च्या बंदरातील महास्फोटातून वाचलेली माणसे तीच ती भीती पुन्हा अनुभवत होती. दाबाचे मापन करणाऱ्या उपकरणाला यातला फरक कळत नाही. बेंगळुरूतील माणसाला संध्याकाळी खुलासा मिळाला की तो झोपू शकतो. बैरूतमधल्या माणसाला पुढचा आवाज विमानाचाच असेल याची खात्री नसते.

आता हा विषय पुन्हा वर आला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नासाने टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावर एफ-१८ विमानाच्या खास सुरकांडीने सौम्य ‘ठप्प’ असे आवाज पाडले आणि पाचशेच्या आसपास स्वयंसेवक रहिवाशांना ते कितपत त्रासदायक वाटले हे विचारले. मोठा धमाका त्या रचनेत समुद्रावर पडत असे. लांब, निमुळत्या नाकाचे एक्स-५९ हे नासाचे विमान २८ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रथम उडाले. आघातलहरी एकत्र होऊ नयेत अशी त्याची घडण आहे, आणि जमिनीवर मोटारीचे दार लावल्याएवढाच आवाज यावा हे उद्दिष्ट आहे. तत्पूर्वी जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठवण्याच्या दिशेने आदेश काढला. एक्स-५९ काही वस्त्यांवरून नेऊन तिथल्या लोकांची मते नोंदवण्याची योजना आहे. या वेळी लोकांना आधी सांगितले जाणार आहे.

लढाऊ विमानांच्या बाबतीत मात्र असा बदल संभवत नाही. त्यांचा आकार शस्त्रे, इंधन आणि चपळाई यांच्या हिशेबाने ठरतो. खाली राहणाऱ्यांच्या कानांचा विचार त्यात येत नाही. ओझरच्या चाचणी उड्डाणांचा मार्ग गुप्त ठेवणे समजण्यासारखे आहे. पण ‘या आठवड्यात दुपारच्या वेळी मोठा आवाज होण्याची शक्यता आहे, घाबरू नये’ एवढी सूचना जिल्हा प्रशासनामार्फत आदल्या दिवशी देण्यात कोणते लष्करी गुपित फुटते, हे सांगणे कठीण आहे. गर्भवती स्त्रिया, हृदयरोगी, कुक्कुटपालन करणारे शेतकरी, शाळांचे मुख्याध्यापक या सर्वांना तेवढ्याने पुरेसा वेळ मिळेल.